मांजर नव्हतें तें!

आमच्या परिचयाच्या एक सांगलीकर आजीबाई कोयनेच्या भूकंपाची आठवण नेहमीं अशी सांगतात: "आधीं फळीवरचीं भांडीं वाजलीं. मांजर असेल म्हणून मीं 'हट्' केलें, तों घर हललें." ता. ११ डिसेंबर १९६७. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटें. सातारा जिल्ह्यांतील कोयनानगर उद्ध्वस्त झालें व पावणेदोनशेंच्या आसपास माणसें दगावलीं.

आजीबाईंची स्मृति शास्त्राशीं जुळते. भूकंपाची पहिली लहर खडकास पुढेंमागें दाबीत सेकंदास सुमारें सहा किलोमीटर धांवते. दुसरी आडवे हिसके देत साडेतीन किलोमीटरांच्या वेगानें मागाहून येते. भिंती पाडण्याचें काम बहुतांशीं हिचें. कोयनानगराहून सांगली सुमारें शंभर किलोमीटर. पहिलीस सतरा सेकंद लागावे, दुसरीस जवळजवळ अर्धा मिनिट.

ह्या लहरी यांत्रिक होत. एक कण दुसऱ्यास ढकलतो, दुसरा तिसऱ्यास. देवळांतील घंटेचा नाद व कृष्णेवरील तरंग हेही त्याच कुळांतले. ढकलावयास पदार्थच नसला कीं सारें तेथेंच थांबलें! आकाशवाणीची लहर विद्युच्चुंबकीय, प्रकाशाची सख्खी बहीण. विद्युत् व चुंबक यांचीं क्षेत्रें परस्परांस जन्म देत पुढें सरकतात. तीस हवा नको, खडक नको. १९६९ सालीं चंद्रावर भूकंपमापक ठेविला गेला. तेथील जमिनीचा कंप पोकळींतून आपणांपर्यंत येणें अशक्य. त्याची वार्ता मात्र बिनतारी लहरीनें सव्वा सेकंदांत आली. वेग सेकंदास तीन लक्ष किलोमीटर!

तेव्हां कोयनानगरीं यंत्रानें पहिला हादरा टिपून बिनतारी संदेश सोडला, तर तो सांगलीस सेकंदाच्या तीन हजाराव्या हिश्शांत पोहोंचेल. यंत्राच्या हिशेबास पांचसात सेकंद द्या, तरी निजलेलें मूल उचलण्यापुरता वेळ उरतो. जपानांत २००७ पासून सर्व जनतेस असा इशारा मिळूं लागला. साताऱ्यास, चाळीस किलोमीटरांवर, हातीं चारसहा सेकंदच राहतील. कोयनानगरास कांहींच नाहीं. तेथें घर पक्कें बांधणें हाच उपाय. सांगलीचें आकाशवाणी केंद्र १९६३ पासून होतें. परंतु त्या पहाटे अशी वर्दी देणारें यंत्र कोठेंच नव्हतें.

आम्हीं हें सांगितल्यावर आजीबाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे भांडीं वाजलीं तीच वर्दी होती, आणि ते बारा सेकंद मीं मांजर हाकण्यांत घालविले!"