हॅम ऐकण्यासाठी स्पीकर कोणता?

हौशी रेडिओवरची, म्हणजे 'हॅम' मंडळींची संभाषणे ऐकण्याचा नाद लागलेले विद्यार्थी हमखास विचारतात, "सर, स्पीकर केवढा घेऊ?" माझ्या मते चार इंचांचा पुरे. संगीतासाठी बनवलेला भारी स्पीकर घरात असला, तर तो गाण्यांसाठीच ठेवावा.

आपला कान साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झ वारंवारतेचे ध्वनी ऐकतो. पण ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर हॅम मंडळी सिंगल साइडबँड पद्धतीने बोलतात, तेव्हा सुमारे ३०० ते २,७०० हर्ट्झ एवढाच आवाज आपल्यापर्यंत पोहोचतो. त्याखाली उरतो तो बहुधा वीजपुरवठ्याचा ५० किंवा १०० हर्ट्झचा गुणगुणाट. मोठा स्पीकर तोही इमानेइतबारे ऐकवतो!

बोलण्यातला जोर स्वरांत असतो, पण शब्द ओळखू येतो तो मुख्यतः व्यंजनांमुळे. आणि व्यंजनांची खूण पटवणारा भाग बराचसा १,००० हर्ट्झच्या वर असतो. बी, सी, डी, जी, पी, टी, व्ही ही इंग्रजी अक्षरे मोठ्याने म्हणून पाहा. सर्वांचा शेवट 'ई'! फरक काय तो सुरुवातीच्या व्यंजनात. म्हणून तर संकेतनाम सांगताना 'ब्राव्हो', 'चार्ली', 'डेल्टा' असे म्हणतात. खालच्या स्वरांच्या घुमण्यात ही नाजूक व्यंजने झाकली गेली, की संकेतनाम हुकलेच.

स्पीकर जाड प्लायवूडच्या खोक्यात बसवावा व आत थोडा कापूस भरावा, म्हणजे खोके स्वतः गात नाही. त्याचे तोंड आपल्याकडे हवे, कारण उच्च वारंवारतेचे ध्वनी समोरच्या दिशेनेच जास्त जातात. वॅटच्या आकड्याला भुलू नये; खोलीत ऐकायला एक वॅटही पुष्कळ होतो.

मोठाच स्पीकर वापरायचा असेल, तर ८ ओहमच्या स्पीकरला ६८ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर एकसरीत जोडावा. सुमारे ३०० हर्ट्झच्या खालचे ध्वनी क्रमाने क्षीण होत जातात. हा आकडा कसा आला, ते बारावीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः काढावे.

शिक्षकांनी तर वर्गातच परीक्षा घ्यावी. पन्नास सुटी अक्षरे ध्वनिमुद्रित करून दोन स्पीकरांवर सारख्याच मोठ्या आवाजात ऐकवावीत. दुसऱ्या खेपेला क्रम मात्र बदलावा. मुले पहिला पाठ करून ठेवतात. मग कोणत्या स्पीकरवर किती अक्षरे चुकली, ते फळ्यावर मांडावे.