दुकानापुढची पाण्याची कुंडी

वैशाखातील दुपारी लांजीच्या बाजारपेठेत आपण पंख्याखाली बसतो. रस्त्यावरच्या कुत्र्याला मात्र दुकानाच्या सावलीवाचून आश्रय नसतो. तेथूनही आपण त्यास काठीने हुसकावतो. व्यापारी बंधूंनो, हे आपल्या परंपरेस शोभणारे नव्हे.

इ. स. १८३२ मध्ये मुंबईत सरकारी हुकुमाने मोकाट कुत्री मारली जाऊ लागली, तेव्हा पारशी समाज प्रक्षुब्ध झाला व शहराचे व्यवहार ठप्प झाले. पुढे १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय व जैन व्यापारी मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली.

आपणांकडून तेवढ्या द्रव्याची अपेक्षा नाही. मातीची एक कुंडी पुरे. कुत्र्यास माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो उष्णता बाहेर टाकतो आणि त्यात त्याच्या शरीरातील पाणी झपाट्याने आटते. म्हणून कुंडी सावलीत ठेवावी, रोज घासावी व गाळलेल्या ताज्या पाण्याने भरावी. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात. एका जीवाची तहान भागविताना इतर जीवांच्या हिंसेचे निमित्त आपण का व्हावे?

कुत्रा झोकांड्या देऊ लागला, त्याची लाळ घट्ट झाली, तर ऊन बाधले असे समजावे. त्यास सावलीत न्यावे, अंगावर साधे गार पाणी ओतावे, वारा घालावा व विलंब न लावता पशुवैद्यास बोलवावे.

सकाळी दुकान उघडताच प्रथम कुंडी भरावी, मग गल्ला उघडावा. एवढा नेम या उन्हाळ्यापासून प्रत्येक सभासदाने धरावा, ही नम्र विनंती.