स्वीडन-जपान मैत्री : कुतूहलाकडून सामरिक भागीदारीकडे

शिमोन साकागुची आणि सुसुमु कितागावा या दोन जपानी शास्त्रज्ञांना २०२५ मध्ये अनुक्रमे वैद्यकशास्त्र व रसायनशास्त्र या विषयांच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. १९४९ मध्ये हिदेकी युकावा यांना पहिले नोबेल मिळाले, तेव्हा युद्धात उद्ध्वस्त झालेल्या जपानला मोठा दिलासा मिळाला होता. तेव्हापासून स्टॉकहोमच्या घोषणेकडे जपानी जनतेचे डोळे लागलेले असतात. मात्र या दोन देशांचे नाते नोबेलपुरते मर्यादित नाही आणि अलीकडे त्याची दिशाही बदलू लागली आहे.

या नात्याची सुरुवात राजदरबारांनी नव्हे, तर एका वनस्पतिशास्त्रज्ञाने केली. लिनियसचा शिष्य कार्ल पीटर थुनबर्ग १७७५ मध्ये नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर उतरला. त्या काळी युरोपीयांपैकी केवळ डचांनाच जपानमध्ये प्रवेश होता. म्हणून थुनबर्ग आधी डच भाषा शिकला आणि डच कंपनीचा वैद्य म्हणून तेथे गेला. बेटाबाहेर फिरण्यास बंदी असल्याने जनावरांसाठी येणाऱ्या चाऱ्यातून तो वनस्पतींचे नमुने वेचत असे. जपानी वैद्यांनी त्याच्याकडून पाश्चात्त्य वैद्यकाचे धडे घेतले. त्याचा ‘फ्लोरा जापोनिका’ हा ग्रंथ १७८४ मध्ये प्रसिद्ध झाला.

अधिकृत मैत्रीकरार झाला तो त्यानंतर ८४ वर्षांनी, १८६८ मध्ये. स्वीडन-नॉर्वेच्या वतीने त्यावर स्वाक्षरी केली ती एका डच प्रतिनिधीने! त्या काळी पाश्चात्त्य सत्तांनी जपानशी केलेल्या अन्य करारांप्रमाणेच हा करारही विषम होता, हे विसरता कामा नये. मैत्रीचे शब्द कागदावर असले, तरी सवलती प्रामुख्याने एकाच बाजूला होत्या. खरी देवाणघेवाण होत राहिली ती अन्य मार्गांनी. ईशान्य सागरी मार्ग प्रथमच पार करून १८७९ मध्ये योकोहामाला पोहोचलेल्या नोर्डेनशेल्डने तेथे हजारो जपानी ग्रंथखंड जमवले. स्टॉकहोमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ते आजही जतन केलेले आहेत.

दुसऱ्या महायुद्धात या संबंधांची कसोटी लागली. तटस्थ स्वीडनची राजधानी हे जपानी हेरगिरीचे महत्त्वाचे केंद्र बनले. तेथील जपानी लष्करी अधिकारी माकोतो ओनोदेरा त्याचे सूत्रधार होते. १९४५ च्या ऑगस्टमध्ये शरणागतीसंबंधीचा जपानचा संदेश दोस्त राष्ट्रांकडे पोहोचला तो स्वित्झर्लंड आणि स्वीडन यांच्यामार्फतच. युद्धानंतर या ओनोदेरांनी पत्नी युरिको यांच्यासह स्वीडिश विचारवंत एलेन की यांच्या बालशिक्षणविषयक ग्रंथाचा जपानी अनुवाद केला. युरिको यांनी तोवे यान्सन यांच्या मूळ स्वीडिशमधील मुमिनकथाही जपानी मुलांसाठी अनुवादित केल्या. हेरगिरीच्या काळात आत्मसात केलेली भाषा अखेर बालवाङ्मयाच्या कामी आली.

पुढील पिढीचा अनुभव तर आणखी बोलका आहे. अॅस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या पिप्पीवर चित्रपट काढण्याच्या हेतूने हायाओ मियाझाकी १९७१ मध्ये स्वीडनला गेले होते. परवानगी मिळाली नाही. परंतु तेथे पाहिलेली विस्बी आणि स्टॉकहोमची घरे, रस्ते व किनारे १९८९ च्या ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’ या चित्रपटात अवतरले. नकारातूनही सांस्कृतिक ऋणानुबंध निर्माण होऊ शकतात, ते असे.

आज मात्र चर्चा वेगळ्याच विषयांची आहे. दोनशे वर्षांची अलिप्तता सोडून स्वीडन मार्च २०२४ मध्ये नाटोत सामील झाला. जपाननेही २०१४ मध्ये शस्त्रनिर्यातीचे निर्बंध सैल केले. २०२२ मध्ये दोन्ही देशांत संरक्षण सामग्री हस्तांतराचा करार झाला आणि २०२४ अखेरीस संबंधांना सामरिक भागीदारीचे रूप मिळाले. रशिया दोघांचाही शेजारी आणि युक्रेन युद्धाने दोघेही अस्वस्थ, हे पाहता ही जवळीक अनपेक्षित म्हणता येणार नाही. तिला निव्वळ युद्धखोरी म्हणणेही अन्यायाचे ठरेल.

तरीही धोका आहे तो प्राधान्यक्रम बदलण्याचा. जपानच्या सोर्यू वर्गातील पाणबुड्यांमध्ये स्वीडिश रचनेची स्टर्लिंग इंजिने बसवली गेली, तेव्हा तो तांत्रिक सहकार्याचा आदर्श मानला गेला. परंतु याच वर्गातील अखेरच्या पाणबुड्यांत त्यांची जागा लिथियम-आयन बॅटऱ्यांनी घेतली. सामरिक गरजा अशा बदलतात आणि त्यांवर उभे राहिलेले संबंधही बदलू शकतात. नोर्डेनशेल्डचे ग्रंथ आणि ओनोदेरा दांपत्याचे अनुवाद मात्र टिकून राहिले. शांततेची परंपरा सांगणारी ही दोन राष्ट्रे आता शस्त्रसज्जतेच्या वाटेवर एकत्र निघाली आहेत. अशा वेळी भाषा, ग्रंथ आणि विद्यार्थी यांच्यावरील खर्च त्यांनी गौण मानला, तर अडीचशे वर्षांची ही पुंजी आटण्यास वेळ लागणार नाही.