वर्ध्याच्या पत्त्यावरून जगाचा इतिहास

२३ जुलै १९३९. गांधीजींनी हिटलरला एक छोटेसे पत्र लिहिले. वर पत्ता होता वर्ध्याचा, आणि मायना होता मित्राला लिहावा तसा. जगाला युद्धात लोटू नका, अशी विनंती होती. इंग्रज सरकारने ते पुढे जाऊच दिले नाही. चाळीस दिवसांनी जर्मनीची फौज पोलंडमध्ये घुसली.

आपल्या जिल्ह्यातल्या किती मुलांना हे ठाऊक आहे? त्यांच्यासाठी दुसरे महायुद्ध म्हणजे सनावळी आणि 'कारणे लिहा'. सेवाग्रामची सहल निघते, बापूकुटीसमोर फोटो होतो, डबे सुटतात आणि गाडी परत फिरते.

हिंगणघाटच्या कापसाचेही तेच. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेतली बंदरे अडवली गेली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि इकडे भाव कडाडले. कापसाचा भाव ज्या घरात रोज बोलला जातो, तिथल्या पोराला लिंकन असा सांगितला तर तो परका कसा वाटेल?

१९३७ मध्ये वर्ध्यातच नई तालीमची मांडणी झाली. हाताने करत शिकावे, हा तिचा गाभा. म्हणून शाळांना आमचा आग्रह आहे : यंदाच्या सहलीत मुलांना कुटीच्या अंगणात अर्धा तास बसवा. निम्म्यांनी ते पत्र लिहावे, निम्म्यांनी ते अडवणारा अधिकारी व्हावे. आणि गुरुजींनी त्या वेळात परीक्षेचे नावही काढू नये.