माप अंगाचं की लायकीचं?

शॉर्ट ड्रेस कुणी घालावा, या प्रश्नाला आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात आणि मला दोन्ही मान्य नाहीत. पहिलं घरातलं: "बारीक पोरीला शोभतं ते, हिला नको." दुसरं फॅशनच्या पानावरचं: आधी तुमचं अंग सफरचंद आहे की नासपती ते ठरवा, मग पुढचं बोलू. पहिलं उत्तर देणारी काकू जुन्या वळणाची आणि दुसरं देणारी मुलगी नव्या वळणाची, असं आपण समजतो. मला तर दोघी एकाच बाकावर बसलेल्या दिसतात. दोघींनाही कपडा आहे तसा ठेवून बाईलाच कापायचं आहे.

फळांचंच बघा की. कंबरेखाली भरलेली ती नासपती, पोटात भरलेली ती सफरचंद, सरळ बांध्याची ती चौकोन, आणि जिची कंबर बारीक ती वाळूचं घड्याळ, म्हणजे वर्गात पहिली. दोन बाळंतपणं झालेली, थायरॉइडची गोळी घेणारी, वर्षानुवर्षं एकाच खांद्याला पर्स अडकवून तो खांदा खाली आलेली बाई यात कुठं बसते, ते कुणी सांगत नाही. आणि प्रत्येक फळाला सल्ला मात्र एकच: लपवा. दंड लपवा, पोट लपवा, मांड्या लपवा. सगळंच लपवायचं तर ड्रेस कशाला, गोधडीच गुंडाळून घेऊ की!

हे मी गमतीनं म्हणते, पण गोष्ट गमतीची नाही. नात्यातली एक पोर, वय एकोणीस. कॉलेजच्या गॅदरिंगसाठी हौसेनं गुडघ्यापर्यंतचा ड्रेस आणलान. चेन लागेना. दुकानात बदलून घ्यायचं सोडून पोरीनं जेवण बदललं. घरात सांगितलं, "एकासन करत्ये." सगळ्यांनी कौतुक केलं, एवढ्या लहान वयात किती धर्माची ओढ म्हणून! तीन आठवड्यांनी चक्कर येऊन पडली तेव्हा कळलं की हे व्रत चेनसाठी होतं. अक्कांनो, आपल्या घरात उपासाला मान आहे, म्हणूनच त्याच्या आड काय चाललंय ते विचारायची जबाबदारी आपली जास्त आहे. त्यावर घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईंचं म्हणणं काय, तर "बरं झालं, जरा उतरली तरी." मला तोंडात मारल्यासारखं झालं.

आता त्या चेनबद्दल. रेडिमेड कपड्यावरचा एस, एम, एल हा काही आपल्या अंगाला लावलेला निकाल नव्हे. आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्या वर्षानुवर्षं ब्रिटिश आणि अमेरिकन मापांचे तक्तेच थोडे इकडेतिकडे करून वापरत आल्या. भारतीय अंगांची मापं घेऊन आपला स्वतःचा तक्ता करावा, म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेनं, म्हणजे निफ्टनं, हाती घेतलेली पाहणी अगदी अलीकडची. सहा शहरं, १५ ते ६५ वयाची २५,००० माणसं मोजायची, असा तो बेत. म्हणजे ज्या मापात आपण बसत नाही म्हणून आरशासमोर रडतो, ते माप घेताना आपल्यासारखी बाई समोर उभीच नव्हती. एका दुकानात एम आणि शेजारच्या दुकानात एक्सएल होते ती बाई जाडी होत नाही, दुकान बदललेलं असतं.

मग बघायचं काय? मी शिवणकाम शिकलेली बाई आहे, तेव्हा सरळ सांगते.

ड्रेसची खालची दुमड पायावर एक आडवी रेघ ओढते आणि बघणाऱ्याची नजर त्या रेघेवर थांबते. ही रेघ पोटरीच्या सगळ्यांत भरलेल्या जागी आली की कुणाचाही पाय जड दिसतो, काडीसारख्या पोरीचासुद्धा. तीच रेघ गुडघ्याच्या दोन बोटं वर किंवा गुडघ्याच्या लगेच खाली, जिथं पाय निमुळता होतो तिथं आणा. फरक बघा. यात वजनाचा संबंध नाही, जागेचा आहे. उंची पाच फुटांच्या आत असेल, तर दुकानातला 'शॉर्ट' आपल्या पोटरीवर येऊन थांबतो आणि आपण म्हणतो, मला शॉर्ट शोभत नाही. शोभेल, दोन इंच दुमडा.

छाती भरलेली असेल तर कापड तिथं खर्च होतं, म्हणून ड्रेस पुढून उचलतो आणि मागून लोंबतो. पुढच्या भागाला लांबी जास्त धरायची आणि छातीला टक घ्यायचा, एवढाच उपाय. पोट पुढे असेल तर कंबरेची शिवण छातीखाली चढवा. नितंब भरलेले असतील तर तिथल्या मापानं ड्रेस घ्या आणि कंबर आत घालून घ्या. कंबरेच्या मापानं घेऊन खाली ताणू नका. सरळ बांध्याला पट्टा बांधा किंवा नका बांधू, मला तरी सरळ ड्रेसच त्या अंगावर सुरेख वाटतो. एकावर एक पदर घेऊन बाजूला बांधायचा रॅप ड्रेस १९७४ साली डायान फॉन फुर्स्टेनबर्गनं बाजारात आणला. तो इतका चालला याचं कारण साधं आहे: त्याला चेन नाही, सकाळी आणि जेवल्यावर वेगवेगळं बांधता येतं. आपल्या साडीला हे कळून शतकं झाली!

आणि मुंढा. बायका गळा बघतात, घेर बघतात, मुंढा कुणी बघत नाही. मुंढा खोल असेल तर हात वर केला की अख्खा ड्रेस वर येतो. काखेलगतचा, बेताचा मुंढा असेल तर हात मोकळा फिरतो आणि ड्रेस जाग्यावर राहतो. तेव्हा दुकानात नुसतं उभं राहून फिरकी घेऊ नका. खुर्चीवर बसा, वरच्या फळीवरचं काही काढल्यासारखा हात करा, वाकून चपलेचा पट्टा लावा. बसल्यावर जो चार बोटं वर जातो आणि मग सगळा वेळ ओढत बसावा लागतो, तो ड्रेस कितीही गोड दिसू दे, ठेवून या.

हल्ली आपल्याकडे खणाचे आणि इलकलचे शॉर्ट ड्रेस शिवतात. छान दिसतात, पण खणाचा पन्हा लहान, कापड अंगाचं ताठ. कंबरेला चुण्या घातल्या की फुगतं. कळ्यांचा, खाली पसरत जाणारा कट घ्या. आणि काठ म्हणजे ठळक रेघ, तेव्हा तो कुठं येणार ते कापायच्या आधी अंगाला लावून बघा.

प्रसंगाचं म्हणाल तर बेळगावात आषाढाचा वारा आणि स्कूटर या दोन गोष्टी आधी धरायच्या. जॉर्जेटला अस्तर हवंच, नाहीतर दोन्ही हात ड्रेस सांभाळण्यात जातात. हळदीला सतरंजीवर मांडी घालावी लागते, तिथं अरुंद ड्रेस म्हणजे शिक्षा. रिसेप्शनला, ऑफिसच्या पार्टीला खुशाल घाला. बस्तीत गुडघे झाकून जावं, यावर माझं भांडण नाही. तिथं कपड्याकडे लक्षच जाऊ नये, बघणाऱ्याचंही आणि आपलंही.

भांडण आहे ते "आपल्यात असं चालत नाही" या वाक्याशी. खानापूरकडं चिखलात रोप लावणाऱ्या बायकांचं लुगडं कुठवर खोचलेलं असतं? गोव्यातल्या कुणबी बायकांची लाल चौकड्यांची साडी गुडघ्यापर्यंतच असायची, खांद्यावर गाठ मारलेली. पुढे वेंडेल रॉड्रिक्स यांच्यासारख्या डिझायनरनं तीच साडी फॅशनच्या मंचावर नेली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेतात होती तोवर त्या पायांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. राबणाऱ्या बाईच्या गुडघ्यांनी संस्कृती बुडत नाही, हौसेनं नटलेल्या बाईचे गुडघे दिसले की बुडते. आणि त्यातही ती जाडी असली तर दुप्पट बुडते! बारीक सुनेच्या फोटोला "क्यूट" म्हणणाऱ्या बायकाच भरल्या अंगाच्या पुतणीला "जरा वयाचं, अंगाचं भान ठेव" म्हणतात. ड्रेस एकच, लांबीही एकच.

म्हणून लेकीला, सुनेला, नणंदेला ड्रेस घ्यायला जाल तेव्हा दुकानदारासमोर तिच्या अंगाबद्दल एक अक्षर बोलू नका. कापडाबद्दल बोला, शिवणीबद्दल बोला. जमलं तर शिवूनच घ्या. रेडिमेडमध्ये आत माया जेमतेम सोडलेली असते, उसवून सैल करायला जागा नसते. टेलरला दोन्ही कडांना इंचभर माया सोडायला सांगा. तो म्हणेल, "एवढी कशाला, वहिनी? बारीक होणार ना आता?" त्याला म्हणावं, तू माया सोड, बाकीचं आम्ही बघतो.