अहवाल मागवायचा आणि कापायचा

26 नोव्हेंबर 1836 रोजी ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी अलेक्झांडर बर्न्स मुंबईहून सिंधू नदीच्या वाटेने काबूलला निघाला. मोहीम व्यापारी होती. सरहद्दीपलीकडे कोणता माल खपतो, जकात किती पडते, काफिले कुठून जातात, हे पाहायचे होते. मुंबईत शिकलेले विशीतले नौरोजी फर्दुनजी या मोहिमेत होते. काबूल आणि बुखाऱ्याची वजने, मापे, नाणी त्यांनी टिपून ठेवली. तेव्हा आपला मण 40 शेरांचा होता, काबूलचा 8 शेरांचा. हा फरक ज्याला ठाऊक नाही तो व्यापारी पहिल्याच सौद्यात बुडाला. कामात कसूर नव्हती.

बर्न्सने वर कळवलेही स्पष्ट: काबूलचा अमीर दोस्त महंमद याला मैत्री हवी आहे, त्याला हाताशी धरा. गव्हर्नर जनरल ऑकलंडने मात्र त्याला हटवून पूर्वीचा पदच्युत राजा शाह शुजा याला फौजेच्या बळावर गादीवर बसवायचे ठरवले. 1839 मध्ये पार्लमेंटपुढे कागद ठेवताना बर्न्सच्या पत्रांतला दोस्त महंमदाच्या बाजूचा मजकूर गाळण्यात आला. अख्खी पत्रे छापून यायला 1859 उजाडले. तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. या फौजेपाठोपाठ पुन्हा काबूलला गेलेला बर्न्स 2 नोव्हेंबर 1841 रोजी तिथेच मारला गेला. जानेवारी 1842 मध्ये काबूलहून झालेल्या माघारीत सुमारे 4,500 सैनिक आणि 12,000 बुणगे निघाले; त्यांतले बहुतेक वाटेतच संपले. 1843 मध्ये गादीवर पुन्हा दोस्त महंमदच बसला. मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये या युद्धात मेलेल्या अधिकाऱ्यांची नावे कोरली आहेत. साध्या शिपायांची संख्या फार, म्हणून त्यांची नावे नाहीत, असे तिथल्याच फलकावर नमूद आहे.

जाणकाराचा अहवाल मागवून बाजूला सारण्याची हीच कथा मुंबईच्या लोअर परळनेही आपल्या डोळ्यांनी पाहिली आहे. गिरण्यांच्या जमिनीचे पालिका, म्हाडा आणि मालक असे वाटे करण्याचा नियम 1991 चा. 1996 मध्ये राज्य सरकारने वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांची समिती नेमून साऱ्या गिरणगावाचा एकत्रित आराखडा मागवला. तो आला आणि बासनात गेला. 2001 मध्ये नियम बदलून वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. मैदाने आणि परवडणारी घरे हातची गेली, टॉवर आणि कचेऱ्या आल्या. माणसे वाढली, रेल्वेचे पूल तेवढेच अरुंद राहिले. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर 23 जण चेंगरून मेले.

जाणकाराचे म्हणणे दडपले की किंमत मोजतो तो ज्याला कोणी विचारलेच नव्हते. म्हणून लोकांच्या पैशाने मागवलेला प्रत्येक अहवाल आला तसा, एकही ओळ न गाळता, ठरलेल्या मुदतीत छापला पाहिजे. तो नाकारण्याचा अधिकार सरकारला आहे. पण नाकारायचा तर कारण लेखी द्यावे, आणि मूळ कागद लोकांना वाचू द्यावा.