गिऱ्हाईक

इंग्रजीत ज्याला ‘लाफिंग स्टॉक’ म्हणतात, त्याला आपल्याकडं कोल्हापुरात कट्ट्यावर ‘गिऱ्हाईक’ म्हणतात. तालमीच्या दारात, चहाच्या गाड्यावर असा एकजण असतोच. कुणी तोतरा, कुणी पायानं अधू, कुणी नुसताच भोळा. “ए खुळ्या, चार कटिंग सांग,” म्हटलं की तो उठतो. थट्टा झाली की सगळ्यांच्या आधी तोच हसतो, आणि ‘त्याला काय वाटत नाही’ असं बाकीचे धरून चालतात. हे साफ खोटं आहे. हसला नाही, तर उद्या त्याला तिथं कुणी बसू देणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

चारचौघांतला अपमान कसा थांबवायचा, हे याच कोल्हापुरानं पाहिलंय. संस्थानी काळात राजवाड्याच्या पागेत कामाला असलेल्या गंगाराम कांबळे यांना, सवर्णांच्या पाण्याला शिवले म्हणून मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना हॉटेल काढायला भांडवल दिलं. भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ हॉटेल उभं राहिलं. पण अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? महाराज स्वतः हॉटेलासमोर गाडी थांबवून चहा मागवू लागले आणि सोबतच्या उच्चवर्णीयांनाही तो प्यायला लावू लागले. ज्यांच्या जातीची नावं शिवीसारखी वापरली जात, त्या माणसांना त्यांनी सरदार, पंडित, सूर्यवंशी अशी नावं दिली. अपमान गिळायला त्यांनी गंगारामांना सांगितलं नाही. वागणं बदलायला लावलं ते अपमान करणाऱ्यांना. मला यातलं सगळ्यात मोठं हेच वाटतं.

आता कायदाही आहे. दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत जाणूनबुजून पाणउतारा केला, तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 92 नुसार सहा महिने ते पाच वर्षं कैद होऊ शकते. ज्या शहरात नसीमा हुरजूक यांनी चाकाच्या खुर्चीवरून ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली, त्या शहराला या कलमाची आठवण करून द्यावी लागते, याचं मला दुःख होतं.

पोलीस प्रत्येक कट्ट्यावर पोचणार नाहीत. पण प्रत्येक तालमीत वस्ताद असतात, गल्लीत एखादे आप्पा नाहीतर तात्या असतात. त्यांनी एकदा “बास झालं, त्याला नावानं हाक मारा,” म्हटलं, तर पोरं ऐकतात. वस्ताद, आप्पा, तात्या, तेवढं म्हणा.